न निघणारा मळ

मी एक जुना दगड आहे. मुठीत मावेल एवढा, काळा, अंगभर बारीक छिद्रं असलेला. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतल्या एका घरात, न्हाणीच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. मित्रांनो, दगडाला काय आयुष्य असणार, असं तुम्हाला वाटेल. थोडं आहे. तेवढं सांगतो.

माझा जन्म धाम नदीच्या पात्रातला. मोठ्या खडकाचा तुकडा पाण्यात पडला, पाण्याने त्याला लोळवलं, कडा झिजल्या आणि मी झालो. पवनारला नदीवर आलेल्या एका नव्या सुनेने मला उचललं. तिचं नाव आनंदाबाई. तिने मला आधी स्वतःच्या टाचेवर फिरवून पाहिलं, मग पदराच्या टोकाला बांधून घरी आणलं.

तिचे यजमान अण्णाजी. घराला लागूनच त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या कोपरांना गुळाचा आणि तेलाचा चिकटा बसायचा, तो मी काढायचो. पुढे मुलगा झाला, चंदन. त्याला रोज संध्याकाळी हाका मारून खेळातून आणावं लागे. त्याच्या गुडघ्यांवरची माती मी काढायचो. पाणी काळं होऊन मोरीत जायचं. आनंदाबाई म्हणायची, "या गोट्यापुढं साबण काईच नाई." माझं कौतुक झालं ते एवढंच. मला ते पुरलं.

नंतर न्हाणीला फरशी बसली. बाटलीतला साबण आला, अंग घासायला जाळी आली. मी नळाच्या मागे गेलो आणि माझ्यावर शेवाळ धरलं. आनंदाबाई तेवढी टाचा घासायला मला शोधून काढायची. मग ती आजारी पडली आणि गेली. तेव्हा तिचा नातू, चंदनचा मुलगा आदेश, चौथीत होता.

ती होती तोवर आदेशला शाळेत पायी नेणं-आणणं तिच्याकडे होतं. घरी आल्यावर ती त्याला ज्वारीची भाकर आणि भाजी खाऊ घालायची आणि मग मैदानात हाकलायची. ती गेल्यावर शाळेसाठी ऑटो लावला. तो दारातून नेई आणि दारात सोडी. मैदानाचे प्लॉट पडले, तारेचं कुंपण झालं. आदेशची आई काजल वर्ध्याच्या एका ऑफिसात नोकरीला, ती दिवेलागणीला यायची. चंदन माल आणायला बाहेर. म्हणून शाळा सुटली की आदेश दुकानात आजोबांजवळ बसू लागला.

न्हाणीची खिडकी दुकानाच्या मागेच उघडते. मला तिथलं ऐकू यायचं. दोघं फारसं बोलत नसत. आनंदाबाईचं नाव तर कोणीच काढत नसे. थोड्या वेळाने वर टांगलेल्या माळेतून अण्णाजी चिप्सचं एक पाकीट तोडायचे. पाकीट फाटल्याचा आवाज यायचा. मग कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण. मग मोबाइलवरचा खेळ. पोराशी बोलायला अण्णाजींना दुसरं काही सापडत नव्हतं.

शेजारच्या प्रमिलाबाई एकदा साखर घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "आजी गेली तरी पोट्टं सुकलं नाई, अण्णाजी. खात्यापित्या घरचं दिसते." अण्णाजींना बरं वाटलं असावं. त्या दिवशी आणखी एक पाकीट फाटलं.

आदेश सहावीत गेला तोवर त्याचं अंग इतकं सुटलं की आंघोळीला बसायला स्टूल लागू लागलं. पाय धुवायला वाकला की दम लागायचा. गुडघे दुखतात म्हणायचा. काजल सांगायची की तो रात्री घोरतो, सकाळी उठत नाही, वर्गात झोपतो म्हणून बाईंची तक्रार आहे. घरात कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही. वाढीचं वय आहे, उंची वाढली की वजन उतरेल, असं ठरलं.

मग त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळी पट्टी दिसू लागली. शाळेत पोरं त्याला 'मळक्या' म्हणू लागली. तो उन्हाळ्यातही कॉलरचं वरचं बटण लावू लागला.

काजलच्या भावाचं आर्वीला लग्न ठरलं होतं. पोरगा तिथे असा दिसू नये, म्हणून तिने पट्टीला बेसन लावलं, दही लावलं, लिंबू चोळलं. काही होईना. तेव्हा तिला सासूचा दगड आठवला. तिने नळामागून मला काढलं.

"नीट बस. लोक म्हणतीन, माय पोराले आंघोळ घालते का नाई."

"आई, दुखून राह्यलं."

"मळ साचू देल्ला, तं दुखीनच."

मित्रांनो, मला मळ कळतो. तो माझ्या छिद्रांत शिरतो, पाणी गढूळ होतं. त्या दिवशी पाणी स्वच्छ वाहत होतं. मला हे सांगता येत नव्हतं. दगड आहे मी, हात फिरवील तसा फिरतो. थोड्या वेळाने पाण्याला लाल रंग आला आणि काजलचा हात थांबला.

आदेश रडला नाही. तो म्हणाला, "आई, मी रोज घासतो. शाळेत जायच्या आधी. जाळीनं. तो निघतच नाई."

अण्णाजी दाराशी येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं. काजलच्या हातातून मला घेतलं, रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि पोराला सिंदी मेघेच्या दवाखान्यात नेलं. कशाने लागलं ते दाखवावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी पुढचं पाहिलं.

तिथल्या डॉक्टर सुरभी मॅडम. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, जखमेला औषध लावलं आणि मग त्या बराच वेळ मानेकडेच पाहत राहिल्या. काखा पाहिल्या. वजन, उंची, रक्तदाब घेतला. खाणं-पिणं, झोप, खेळ विचारलं. रक्त तपासायला पाठवलं. नंतर अण्णाजींना सांगितलं की हा मळ नाही, कितीही घासला तरी निघणार नाही. अंगातली साखर वापरायला शरीर इन्सुलिन बनवतं. चरबी फार वाढली की ते नीट लागू पडत नाही, मग शरीर आणखी बनवत राहतं. त्या जादा इन्सुलिनने कातडी अशी जाड आणि काळी होते. रक्तदाबही वयाच्या मानाने वाढलेला आहे, यकृतावर चरबी आहे का तेही पाहावं लागेल. हे असंच चाललं तर मधुमेह म्हातारपणाची वाट पाहणार नाही.

अण्णाजी खाली पाहत म्हणाले, "मी तं त्याले कधी नाई म्हटलं नाई. त्याची आजी गेली. माह्या हातात एवढंच होतं."

मॅडमनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या की पोराला उपाशी ठेवायचंच नाही. भाकर, वरण, भाजी द्या. पाकिटं आणि बाटल्या सोडवा. रोज चालायला न्या, पण एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. वाढतं वय आहे, घाई नको.

आदेशने एकच विचारलं. "आबाजी, म्हंजे मी मळकट नाई?"

"नाई रे," अण्णाजी म्हणाले.

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. दुकानातली माळ तशीच टांगलेली आहे, गिऱ्हाईक मागतं. आदेश चिडायचा, जेवायचा नाही. एकदा तो न्हाणीत दार लावून बसला आणि मला पाकीट फाटल्याचा आवाज आला. अण्णाजींनाही आला असणार. ते रागावले नाहीत. दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचं ऐकू आलं, मग दारावर थाप. "चाल, जाऊन येऊ."

सुरुवातीला दोघं नाक्यापर्यंत जाऊन यायचे आणि वाटेत बसायचे. आदेशला दम लागायचा, अण्णाजींचीही कंबर धरायची. पण चालताना त्यांना बोलायला सापडू लागलं. परतल्यावर आनंदाबाईचं नाव न्हाणीच्या खिडकीतून ऐकू येऊ लागलं. आदेश विचारायचा, आजी नवी सून असताना कशी होती, भांडायची का, दगड कुठून आणला.

हिवाळ्यात एका रविवारी ते पवनारपर्यंत गेले. मी अण्णाजींच्या खिशात होतो. या दगडाने पोराचं रक्त काढलं, तो घरात नको, नदीत टाकून येतो, असं ते काजलला सांगून निघाले होते. आदेश चपला काढून काठावर बसला. वाटभर चालून त्याच्या टाचा मातीने भरल्या होत्या. अण्णाजींनी मला खिशातून काढलं, तर त्याने हात पुढे केला. मला घेतलं, स्वतःच वाकला आणि टाच घासू लागला. माझ्या छिद्रांत माती शिरली. पाणी गढूळ झालं.

"आबाजी," तो म्हणाला, "हा निघून राह्यला."

अण्णाजींनी त्याच्या हातातून मला घेतलं. नदीत धुतलं आणि परत खिशात ठेवलं.

त्याच्या मानेवरची पट्टी अजून आहे. थोडी फिकी झाली आहे. मी पुन्हा न्हाणीत आहे, नळाच्या मागे नव्हे, पुढे.

मित्रांनो, पायाला माती लागली तर मला हाक मारा. ते काम मला येतं. पण एखाद्या पोराचं अंग सुटलं असेल, मान काळी पडली असेल, तर त्याला नाव ठेवू नका आणि त्याच्यावर दगड फिरवू नका. त्याला दवाखान्यात न्या आणि मग त्याच्यासोबत चालायला निघा.