पाठीवरचा आकडा

"हात लावू का?" अर्लीनने विचारलं खरं, पण तिची नजर आधीच रायफलीच्या पाठीवर कोरलेल्या आकड्याकडे गेली होती.

"लाव की. तुला कोण अडवतंय?" टेबलामागचा म्हातारा व्हर्जिल म्हणाला.

शेजारच्या टेबलावरचा बक खिदळला. "आली बघा लॉटरीवाली! आज तरी नंबर लागणार का गं, बाई?"

अर्लीनला हे नवीन नव्हतं. ओक्लाहोमातला बंदुकांचा एकही बाजार तिने तीन वर्षांत चुकवला नव्हता. आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवार-रविवार हे असले हॉल पालथे घालायचे. तिला हवी होती आपल्या बापाची जुनी लष्करी रायफल, गॅरँड. तिचा आकडा तीन-दोन-चार, सात-शून्य-नऊ-सहा. लाल दिव्यापाशी बस थांबली की ओठ आपसूक हलायचे. बाळ झोपल्यावरही आईच्या तोंडी अंगाई रेंगाळावी, तसे.

रायफल विकली होती तिच्याच पोराने, कोल्बीने. नशेपायी घरातलं उचलण्याजोगं सगळं गेलं, शेवटी पोरगाही गेला. त्याची राख तिने ओढ्यात सोडली, आणि परतताना तिला एकदम तो दात आठवला.

सहा वर्षांचा कोल्बी, मुठीत पडलेला दुधाचा दात. "उशीखाली ठेवून परीला नाही द्यायचा! आजोबांच्या बंदुकीत ठेवा. तिथे चोर येत नाही." गॅरँडच्या लाकडी दस्त्याच्या बुडाला लोखंडी झाकण असतं, आत सफाईच्या सामानाची पोकळी. आजोबांनी दात फडक्यात गुंडाळून तिथे सारला होता. त्या लेकराच्या देहातलं तेवढंच आता जगात उरलं होतं.

तीन. दोन. चार. बोट पुढे सरकलं. सात. शून्य. नऊ. सहा.

"हीच," ती म्हणाली. "व्हर्जिल, हीच ती."

बकचं हसू विरलं.

तिने अंगठ्याने झाकण दाबलं. टक्. पोकळी रिकामी, चकचकीत पुसलेली.

"यातून काही काढलंत? फडकं? एवढंसं?"

"नाही गं." व्हर्जिलने चष्मा चढवला आणि त्याचा चेहरा पडला. "बाई, हे लाकूड हिचं नाही. माझ्याकडे आली तेव्हा हिला नंतरच्या सालातलं होतं. शौकिनांना लोखंड आणि लाकूड एकाच सालातलं लागतं, म्हणून मीच बदललं. सगळेच बदलतात."

"पण आकडा तर..."

"आकडा लोखंडावर असतो. लाकडाला नंबर नसतो, बाई."

अर्लीनने हॉलमधल्या बाकीच्या टेबलांकडे पाहिलं. तीन वर्षांत किती गॅरँड तिने उचलल्या, आकडा वाचला आणि झाकण न उघडताच खाली ठेवल्या! त्यांतल्या एखाद्या परक्या रायफलीला बापाच्या रायफलीचं लाकूड जोडलेलं असेल तर?

"जुनं लाकूड कुठंय?"

"सुटी लाकडं मी विकतो. बरीच गेली." व्हर्जिलने टेबलाखालून एक खोकं ओढलं. "एवढी उरलीत. काही खूण होती का त्याच्यावर?"

तिने डोळे मिटून पाहिलं. आकडा लख्ख दिसला. लाकूड नुसतंच तपकिरी.

भोंग्यावरून बाजार बंद होत असल्याची हाक आली. अर्लीन सिमेंटवर गुडघे टेकून बसली. पहिलं झाकण उघडलं. गंज. दुसरं. वाळलेलं तेल.

बक येऊन शेजारी उकिडवा बसला. "काय शोधायचंय, बाई?"

"दात."

"कुणाचा?"

"पोराचा माझ्या."

त्याने डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, खोक्यातून एक लाकूड घेतलं आणि अंगठा झाकणावर टेकवला.

माणसं पांगली. व्हर्जिलने टेबलांवर चादरी पांघरायला घेतल्या. त्यांच्या बाजूचं टोक मात्र त्याने दुमडून वर ठेवलं, उजेड खोक्यापर्यंत पोचावा म्हणून.