अहवालातले कुटुंब

लहान युरोपीय गाड्या अमेरिकेत का विकल्या जात नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मी जपानात, उरायासुच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर, चार महिन्यांत लिहिले. एकशे बारा पाने. त्यासाठीच्या फ्रेंच आणि जर्मन नियतकालिकांचे गठ्ठे माझा नवरा हरीश कावासाकीहून आणत असे. तिथल्या एका संशोधन संस्थेत तो संगणकाचे काम करी. विभागप्रमुख तेझुका-सान यांना दोन्ही भाषा वाचणारे कोणीतरी हवे होते, आणि हरीश जेवणाच्या सुट्टीत सहज बोलून गेला होता, की माझी बायको वाचते.

मी आर्थिक इतिहासात डॉक्टरेट केली होती, पुण्यात सात वर्षे शिकवले होते. इथे माझ्या व्हिसाचा प्रकार 'काझोकु ताइझाइ' असा होता, म्हणजे कुटुंब-वास्तव्य. जुन्या मराठीत 'आमचे कुटुंब' म्हणजे बायको, एकवचनी. इमिग्रेशन कचेरीला जुनी मराठी येत असावी. हरीश सकाळी सातला निघे, रात्री आठला येई. मधले तेरा तास घरात कुटुंब एकटेच असे. त्या वेळात माझ्याशी बोलणारा माणूस एकच, कोपऱ्यावरच्या कोंबिनीतला, त्या चोवीस तास उघड्या दुकानातला, गल्ल्यावरचा मुलगा. "गरम करून देऊ?" एवढेच तो विचारी. गरज नसली तरी मी हो म्हणे. त्यात आणखी एक मिनिट जाई.

उत्तर साधे होते. अमेरिकेत त्या गाड्यांवर बंदी कोणी घातली नव्हती. सभ्य व्यवस्था बंदी घालत नाहीत. तिथले दिव्यांचे नियम वेगळे, धुराच्या चाचण्या वेगळ्या, टक्कर घडवून पाहण्याच्या पद्धती वेगळ्या. पॅरिसच्या रस्त्यांवर वीस वर्षे धावलेल्या गाडीला तिथे धावता येते हे पहिल्यापासून सिद्ध करावे लागे. मोठ्या गाडीच्या नफ्यातून तो खर्च निघे, लहानीच्या निघत नसे. त्यात पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद, विक्रेत्यांना उत्साह नाही. गाडीत दोष आहे असे कोणीच म्हणत नव्हते. तिच्यासाठी एवढे कोण करणार, एवढाच प्रश्न होता. हे प्रकरण मी फार जलद लिहिले. त्यासाठी संदर्भ शोधावे लागले नाहीत.

संस्थेत संशोधकाची एक जागा निघणार होती. अहवालावर लेखक म्हणून माझे नाव छापले गेले, तर मला अर्ज करता आला असता आणि व्हिसावरचा तो शब्द बदलला असता. हरीशला मी तेझुका-सानना विचारायला सांगितले.

"विचारलंस?"

"विचारलं. केंतो शिमास म्हणाले. म्हणजे नीट तपासून बघतो."

"म्हणताना दातांतून हवा आत ओढली का?"

"ओढली की! खूप विचारात पडले होते गं. चांगलं चिन्ह आहे."

"लग्नाआधी माझ्या नोकरीबद्दल तुझ्या आई 'बघू' म्हणाल्या होत्या. तेव्हाही तुला चिन्ह चांगलंच वाटलं होतं."

"आता आईचं काय मधेच?"

'बघू' म्हणजे काय ते कोणत्याही मराठी मुलीला इयत्ता चौथीपर्यंत कळलेले असते. तोच शब्द जपानीत ऐकल्यावर मी मात्र सहा आठवडे त्यावर विश्वास ठेवला. अर्जाचा मसुदासुद्धा करून ठेवला.

अहवाल उत्तम कागदावर छापून आला. लेखक, तेझुका. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, एक ओळ होती: 'अनुवाद-सहाय्य: हरीश-सान यांच्या ओकुसान.' ओकुसान म्हणजे दुसऱ्याची बायको; त्यातले ओकु म्हणजे घराचा आतला भाग. माजघराला आदरार्थी प्रत्यय लावून माझा उल्लेख झाला होता.

"बघ, किती आदराने लिहिलंय," हरीश म्हणाला.

"माजघराला आदर असतोच. बैठकीत जागा नसते."

"तू ना, प्रत्येक गोष्टीचं व्याकरण काढतेस."

पुढच्या बुधवारी दुपारी तेझुका-सानचा स्वतःचा फोन आला. ते अतिशय नम्रपणे, माझ्यासाठी सावकाश जपानीत बोलत होते. पहिला भाग सर्वांना फार आवडला. आता दुसरा हवा आहे: मोठ्या अमेरिकन गाड्या जपानात का विकल्या जात नाहीत. पुन्हा ओकुसाननाच त्रास देता येईल का?

मी दातांतून हवा आत ओढली, घाई न करता.

"केंतो शिमास," मी म्हणाले.

पलीकडून "आ, सो देस का," म्हणजे 'अस्सं होय', असा हलका आवाज आला, त्रास दिल्याबद्दल दोनदा क्षमा मागितली गेली आणि फोन ठेवला गेला. त्यांना एका वाक्यात सगळे कळले होते. दोन वर्षांत या देशात माझे म्हणणे पुरते समजलेला हा पहिलाच माणूस, आणि आता त्याच्याशी पुन्हा बोलणे होणार नव्हते. मी खाली कोंबिनीत गेले. मुलाने विचारले, गरम करून देऊ? मी हो म्हणाले.

त्या दिवशी हरीश लवकर आला, नव्या मासिकांचा गठ्ठा काखेत घेऊन.

"तेझुका-सान म्हणत होते, फोन झाला. काय सांगितलंस?"

"तपासून बघते म्हणाले."

"वा! मग झालंच म्हणायचं." त्याने गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेला.

मी तो उचलून दाराशी ठेवला आणि टेबलावर दोन ताटे मांडली.