आवरून गेलेले पाहुणे

सुट्टीसाठी भाड्याने देतात अशा एका घराची सफाई मावशींकडे होती. एकदा तिथे उतरलेल्या आजी-आजोबांनी निघण्याआधी भांडी घासली, चादरींच्या घड्या घातल्या, लादीसुद्धा पुसली. "आमचा पसारा तुमच्या गळ्यात कशाला?" आजी म्हणाल्या. मावशींना भरून आलं. ते दोघे गेल्यावर त्या कधी नव्हे ते खिडकीपाशी निवांत टेकल्या.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. आजींनी सगळं आवरल्याचं त्यांना फाटकातच सांगितलं होतं. घरभर नजर फिरवून म्हणाल्या, "आज तुम्ही कशाला हात तरी लावलात का? निम्मेच पैसे मिळतील."

"पण बाई, पाहुण्यांकडून तर सफाईचे पूर्ण घेतलेत ना?"

"ते माझं मी बघेन. परवडत नसेल तर दुसरं काम शोधा."

मावशींनी मिळाले ते घेतले. घरी सुनेला त्यांनी "आज काम कमी होतं" एवढंच सांगितलं.

पुढच्या पाहुण्यांतली एक तरुण बाई जाताना खरकटे कप विसळायला लागली. मावशींनी तिच्या हातातला कप जवळजवळ हिसकावला. "राहू द्या हो ताई! घाण तशीच टाकून जा. तुमच्या चांगुलपणापायी माझ्या पोटावर पाय येतो."

ती बिचारी ओशाळली. मावशींनाही स्वतःच्या आवाजाची लाज वाटली, पण कप काही त्यांनी परत दिला नाही.