गुरुजींच्या नावचा फोन

चंद्रभान लाइनमन खांबावर चढला होता आणि आश्रुबा खाली त्याची सायकल धरून उभा होता. सायकल धरायची खरं तर काही गरज नव्हती. बांधाला टेकवली असती तरी ती कुठे पळून जाणार नव्हती. पण सरकारी माणसाला काही विचारायचं तर आधी त्याच्या कामाला हात लावलेला बरा, हे आश्रुबाला ठाऊक होतं. विचारायचं होतं ते एवढंच, की गुरुजींच्या घरचा फोन नीट चालू आहे ना.

चंद्रभान खाली उतरला, पक्कड पिशवीत टाकली आणि म्हणाला, वाजतो तोवर चालू म्हणायचं. मग त्याने सगळं उलगडून सांगितलं. बिल भरलेलं नाही, मुदत होऊन गेली. बाहेर फोन लावायची सोय वरच्या ऑफिसाने पंधरवड्यापूर्वीच बंद केली आहे. सध्या नुसते येणारे फोन येतात, तेही या शनिवारपर्यंत. त्यानंतर तार तोडून फोनचा डबा काढून आणायचं काम त्याच्याच अंगावर येणार होतं.

"काकूला बोललास का न्हाई?" आश्रुबाने विचारलं.

"बोललो की, बिल ऱ्हायलंय म्हनून. बरं म्हनल्या."

पंधरा दिवस अर्धा फोन मेलेला, आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नाही. पत्ता लागणार तरी कसा? काकू म्हणजे गुरुजींची बायको, त्यांनी जन्मात कधी कुणाला फोन लावला नव्हता, आणि बाकी गाव त्या घरी जायचं ते आलेला फोन घ्यायला. फोन वाजत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

त्या गावात घरात फोन असलेलं घर एकच, विष्णुपंत गुरुजींचं. पण तो नंबर निम्म्या गावाचा होता. लग्नाच्या पत्रिकेवर, आडतीच्या चिठ्ठीवर, सुरतेला नाही तर भिवंडीला कामाला गेलेल्या पोरांच्या खिशातल्या कागदावर तोच नंबर, पुढे कंसात 'पी.पी.'. ज्याचा फोन त्याला बोलावून आणायचं, तोवर पलीकडच्याने थांबायचं किंवा परत लावायचं. आणि बोलावायला जायचे ते स्वतः गुरुजी. पेन्शनीतला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून मळ्यापर्यंत चालत जायचा आणि बांधावरून हाक द्यायचा. त्याचं मोल त्यांनी कधी कुणाकडून घेतलं नाही. एकदा बन्सीधरने फोनशेजारी गुपचूप नोट ठेवली, तर गुरुजींनी त्याच्या घरापर्यंत जाऊन ती त्याच्या बायकोच्या हातात दिली आणि वर आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून लोक वांगी न्यायचे, हुरडा न्यायचे, ताक न्यायचे. पैशाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

ते गुरुजी दिवाळीनंतर गेले. आता फोन वाजला की काकू ओट्यावर येत आणि रस्त्याने जो जाईल त्याच्याजवळ निरोप देत. निरोप कधी वेळेवर पोचे, कधी दुसऱ्या दिवशी. गावानेही कुरकुर केली नाही. त्या बाईने फोन उचलावा हेच मुळात खूप होतं.

आश्रुबाची गोष्ट मात्र वेगळी होती. त्याची लेक सत्यशीला सुरतेला होती, जावई तिथल्या कापडाच्या गिरणीत. बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने तिला अंथरुणावरून हलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तिची आई तानुबाई तिकडे जाऊन राहिली होती. मागच्या खेपेला आठव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं, तेव्हा जावयाने तार केली होती. ती तार चार दिवसांनी आली. आश्रुबा पोचला तेव्हा पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती आणि तिने बापाला एकच विचारलं, इतक्या उशिरा का आलात? या खेपेला त्याने जावयाला पक्कं बजावून ठेवलं होतं: बरं असो, वाईट असो, तार करायची नाही, गुरुजींकडे फोन करायचा. दिवस भरत आले होते. आज, उद्या, कधीही.

त्याच संध्याकाळी तो हरभऱ्याचा ढाळा घेऊन काकूंकडे गेला. प्रभावतीकाकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याला पाहताच त्यांनी न विचारताच सांगितलं, सुरतेहून अजून काही नाही, आला की कुणालाही पळवते. या बाईला आपण बिलाचं कसं विचारायचं, हेच त्याला कळेना. शेवटी त्याने चंद्रभानचं नाव पुढे केलं. चंद्रभान असं असं म्हणत होता, खरं का?

काकूंनी आतल्या टेबलाकडे मान वळवली. टेबलावर गुरुजींचा चष्मा होता, आणि शेजारी पाकिटांची बारीकशी थप्पी. एकही फोडलेलं नव्हतं.

"त्यातच असेल," काकू म्हणाल्या. "त्यांच्या नावचं टपाल मी कधी फोडलं नाही, आश्रुबा. लग्न झाल्यापासून नाही. होळीला आमचा दिनकर येईल पुण्याहून, तो बघेल."

होळीला अजून दीड महिना होता. आश्रुबाच्या जिभेवर आलं होतं, काकू, शनिवारी डबा काढून नेतील. पण मग त्या उठल्या असत्या, आणि ते पाकीट त्यांना फोडावं लागलं असतं, ते आपल्यासाठी. ज्या घराने वीस वर्षं आपली हाक आपल्यापर्यंत पोचवली त्या घराकडून एवढं मागायचं त्याच्याने होईना. पैशाचा तर प्रश्नच नव्हता, वेचलेला कापूस नुकताच विकला होता. पण पैसे पुढे केले असते तर त्याचा बन्सीधर झाला असता. त्याने ढाळा ओट्यावर ठेवला, चहा घेतला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो जिंतूरच्या पोस्टात गेला. खिडकीतल्या माणसाने बिल मागितलं. बिल नाही, नंबर तोंडपाठ आहे म्हटल्यावर तो हसला, आणि मुदत गेली म्हटल्यावर त्याने हात जोडले. मुदतीच्या आत असतं तर इथे घेतलं असतं, आता परभणीलाच जावं लागेल. रस्त्यात चंद्रभान भेटला. आश्रुबाने त्याच्या खिशात पैसे कोंबायचा प्रयत्न केला, तू भर म्हणून. चंद्रभान दोन पावलं मागे सरकला. तार तोडायचा अधिकार मला आहे, म्हणाला, पैसे घ्यायचा नाही. गुरुजी काय करायचे, असं आश्रुबाने विचारलं तर कळलं की गुरुजी बँकेचा चेक पाठवायचे. आश्रुबाच्या घरात बँकेचं म्हणून एक कॅलेंडर तेवढं होतं.

शुक्रवारी त्याने परभणीची पहिली एस.टी. धरली. कापूस वेचायला बायका सांगितल्या होत्या, त्यांना येऊ नका म्हणून सांगायचंही राहून गेलं. स्टँडच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा होत्या, जुन्यावर नव्या रंगवलेल्या. त्याने विचारत विचारत टेलिफोनचं ऑफिस गाठलं आणि रांगेत उभा राहिला. सगळं सोपं वाटत होतं. नंबर सांगायचा, पैसे द्यायचे, पावती घ्यायची.

त्याच्या पुढे पाथरीकडचा एक माणूस होता. त्याचा बाप वारला होता आणि बापाच्या नावचं बिल त्याला भरायचं होतं. खिडकीतला कारकून, जाड भिंगांचा, केस पिकायला लागलेला, वाईट बोलला नाही. त्याने नीट समजावून सांगितलं. मयत माणसाच्या नावाने पावती फाडता येत नाही, आधी फोन वारसाच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणा, भावाबहिणींच्या सह्या आणा, अर्ज करा. किती दिवस लागतील? महिना धरून चाला. तो माणूस मुकाट्याने बाजूला झाला आणि खिडकीसमोर आश्रुबा उभा राहिला.

त्याने नंबर सांगितला. कारकुनाने नंबर लिहून घेतला, मागच्या कपाटातून जाडजूड वही काढली, पान उलटलं आणि बोट एका ओळीवर थांबलं.

"विष्णुपंत गुरुजी का?" त्याचा चेहराच बदलला. "जिंतूरच्या शाळेतले? गणिताचे?"

आश्रुबाने मान हलवली. गुरुजींचा विद्यार्थी नसलेलं ऑफिस जिल्ह्यात शोधावंच लागलं असतं, पण नेमकं आज, नेमकं या खिडकीत, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"स्वतः नाही आले? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

आश्रुबाने आयुष्यात बाजारात थोडंफार इकडचं तिकडे केलं होतं, नाही असं नाही. बैल विकताना त्याचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं. पण गुरुजींच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता. तो खांदा अजून त्याचाच होता. मागे रांग खोळंबली होती. सुरतेला पोरगी अंथरुणावर होती.

"बरे हायत," तो म्हणाला. "पाय दुखायलेत जरा. म्हनून मला धाडलं."

"वयच झालं आता," कारकून म्हणाला. त्याने पावती लिहिली, शिक्का मारला, दंडाचे तेवढे जास्त घेतले आणि सोमवारपर्यंत दोन्हीकडून फोन सुरू होईल, तोडायचं तर आताच थांबवतो म्हणाला. पावती हातात देता देता त्याने ती क्षणभर धरून ठेवली.

"त्यांना माझा नमस्कार सांगा. देवगाव फाट्याचा गोविंद म्हणा. त्यांनी मला फीसाठी कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही. नक्की सांगा, विसराल."

"न्हाई इसरत," आश्रुबा म्हणाला.

येताना एस.टी.त त्याला बसायला जागा मिळाली, पण चैन पडली नाही. काम फत्ते झालं होतं, फोन राहिला होता, आणि तरी कुणाचा तरी खिसा कापून आल्यासारखं त्याला वाटत होतं. खोटं पचलं असतं. खोटं बोलून माणूस मोकळा होतो, चार दिवसांनी विसरतोही. पण हा नमस्कार कुठे ठेवायचा? त्या गावात निरोप म्हणजे निरोप. पाऊस असो, ऊन असो, ज्याचा त्याला नेऊन द्यायचा, ही सवय सगळ्या गावाला गुरुजींनीच लावली होती. रस्ताभर त्याला वाटत राहिलं, की न सांगताच घरी जावं. पण आपल्या गावच्या फाट्यावर उतरल्यावर त्याचे पाय घराकडे वळलेच नाहीत.

काकू ओट्यावरच होत्या. सुरतेहून काही नाही, त्यांनी लांबूनच सांगितलं. आश्रुबा खालीच उभा राहिला. त्याने पावती काढून ओट्याच्या कडेला ठेवली आणि त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून तांब्या ठेवला.

काकूंनी ती उचलली, वाचली. त्यांचं तोंड ताठ झालं.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई."

"त्यांनी वीस वर्षांत कुणाचा एक पैसा घेतला नाही. तुला माहीत आहे ना? माहीत असून गेलास?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. आश्रुबाने टोपी काढली आणि खाली बघत, जसं घडलं तसं सांगून टाकलं. शनिवारी डबा नेणार होते ते. पाथरीच्या माणसाला परत पाठवलं ते. खिडकीतला गोविंद, त्याने तब्येतीचं विचारलं ते.

"मग तू काय म्हणालास?"

"बरे हायत म्हनलो. पाय दुखायलेत म्हनलो. माझं चुकलं, काकू. त्यानं नमस्कार सांगितलाय गुरुजीला. देवगाव फाट्याचा गोविंद. ते तेवढं पोचवायला आलो."

काकूंनी पदराने डोळे पुसले. इतक्या महिन्यांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आश्रुबाने तोंड फिरवलं.

"नमस्कार त्यांना आहे," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगतोस? आत आहेत. जाऊन सांग."

आश्रुबा पाय धुऊन आत गेला. भिंतीवर गुरुजींचा फोटो होता, कोटातला, निवृत्तीच्या वेळचा. त्याने हात जोडले आणि निरोप शब्द न शब्द सांगितला, गोविंदाचं नाव, गाव, फीचं ते सगळं. सांगून झालं तरी तो तिथून हलला नाही.

"गुरुजी, आनखी एक," तो म्हणाला. "सत्यशीलेचा फोन येनार हाय. आमी नदीकडच्या रानात हावोत, कापसाला. तेवढी हाक..."

कुणाला सांगतो आहोत हे त्याच्या एकदम लक्षात आलं, आणि तो तसाच हात जोडून उभा राहिला.

काकू मागे उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

"मी येईन हाक मारायला," त्या म्हणाल्या. "कोणतं रान, ते मला उद्या दाखवून ठेव."