दादाचं बोट

मेघना शनिवारी दुपारी पोटाशी पिशवी धरून आली, तेव्हा पिशवीतून पाणी ठिबकत होतं. वय अकरा, आणि माझ्या रविवारच्या वर्गातली सगळ्यांत गप्प मुलगी. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मी तळमजल्यावर. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी छत्तीस वर्षं प्लास्टिकच्या साच्यांवर काम केलं. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सोसायटीतल्या मुलांना मोडलेल्या वस्तू नीट करायला शिकवतो. त्यामुळे काही मोडलं की मुलं आधी माझ्याकडे येतात, मग घरी सांगतात.

मेघनाला मात्र घरी सांगायचंच नव्हतं.

पिशवीत रिमोटवर चालणारी लाल बोट होती. मी ती ओळखली. तिच्या थोरल्या भावाची, सम्यकची. दोन वर्षांपूर्वी सम्यक तापाने चार दिवसांत गेला. पंधरा वर्षांचा होता. तेव्हापासून ती बोट त्यांच्या शोकेसवर बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेली असे आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांच्या आईने, मंजुळाने, सांगून ठेवलं होतं. मंजुळा कालच कल्याणला बहिणीकडे गेली होती. वडील कामावर. मेघनाने बोट चार्ज केली आणि उपवन तलावावर नेली. दुसऱ्याच फेरीला ती काठाच्या दगडी पायरीवर जाऊन आदळली.

"दादाला वळवता यायची," ती म्हणाली. "मला नुसती सरळ येते."

आई उद्या संध्याकाळी परत येणार होती. तिला कळलं तर ती पुन्हा 'तशी' होईल, एवढंच मेघना म्हणाली. तशी म्हणजे कशी, ते मी विचारलं नाही. ते महिने सगळ्या इमारतीने पाहिले होते. मंजुळा कुणाशी बोलत नसे, गॅसवर दूध उतू जाई, आणि ही पोर शाळेच्या गणवेशातच जिन्यात बसून राही. हळूहळू मंजुळा पुन्हा नोकरीवर जायला लागली, मेघनाच्या वेण्या घालायला लागली. ते सगळं ह्या बोटीपायी मोडेल, अशी भीती पोरीच्या डोळ्यांत दिसत होती.

मी एक अट घातली. बोट उद्यापर्यंत नीट करू, पण आईला तूच सांगायचंस, नीट झाल्यावर. ती हो म्हणाली.

आधी आम्ही झाकण काढलं, बॅटरीचे स्क्रू काढून ती बाहेर घेतली, पाणी ओतलं आणि आतून सगळं पंख्याखाली वाळवलं. नाकापासून डाव्या बाजूने वीतभर तडा गेला होता. मी तिला शिकवलं की तडा दिसतो त्याच्याही थोडा पुढे गेलेला असतो. त्याचं टोक शोधून तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. भोक तिने स्वतः पाडलं, जीभ दातांत धरून. हात अजिबात हलला नाही. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखाली आलेल्या किती पोरांना पहिल्या दिवशी हे जमलं असेल, मला आठवत नाही.

तडा आतून जिथे सुरू होत होता, तिथे जुनं एम-सील थापलेलं होतं. सम्यकने कधीतरी केलेली दुरुस्ती. खाली प्लास्टिक न घासताच गोळा दाबून बसवलेला, वर खड्डे पडलेले, एक कड सुटलेली. घाईघाईत केलेलं काम. आम्हाला आतून गोंदात भिजवलेली कापडाची पट्टी लावायची होती आणि ती नेमकी त्याच्यावरून जाणार होती. सुटलेल्या थरावर पट्टी लावली, तर थर निघेल तेव्हा पट्टीही निघेल. मी मेघनाच्या हातात पटाशी दिली आणि म्हणालो की हे पूर्ण काढून टाक.

ती थांबली.

"आबा, हे राहू दे ना," ती म्हणाली. "ते दादाचं बोट आहे."

इंग्रजी शाळेतल्या मुलांची लिंगं चुकतात. मी वर्गात ती हटकून सुधारतो, आणि हसून सुधारतो, म्हणजे मुलांना लागत नाही.

"दादाची बोट," मी म्हणालो. "ती बोट. आणि दादाची आहे म्हणूनच नीट करायची. कंटाळा करायचा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पटाशी त्या कडेखाली घातली. माझ्याकडे येणारी मुलं उलट बोलत नाहीत, ह्याचा मला तेव्हा अभिमान होता. एम-सील तुकड्यातुकड्याने निघालं. शेवटचा डाग तिने पॉलिश पेपरने घासला आणि मी तिला शाबासकी दिली. ती तशी कमीच बोलते.

दोन नळ्यांमधला गोंद समसमान घेऊन कालवला, पट्टी भिजवली, बुडबुडे दाबून काढले. रात्रभर बोट माझ्या टेबलावर वाळली. सकाळी टेबल झाडलं आणि कचरा घंटागाडीत गेला. दुपारी बाहेरून घासून लाल रंग मारला. रंग वाळल्यावर बोट बादलीत पाच मिनिटं दाबून धरली. आत एक थेंब आला नाही. हात फिरवला तरी तडा कुठे होता ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर, मला फार बरं वाटलं होतं.

आई यायच्या आधी मेघना बोट वर घेऊन गेली. संध्याकाळी सातपर्यंत वरून काही निरोप आला नाही, म्हणून मीच वर गेलो. दार उघडं होतं. मंजुळा प्रवासातली साडी न बदलता खुर्चीत बसली होती. मांडीवर बोट, झाकण काढलेलं. मेघना भिंतीला टेकून उभी होती.

"सगळं सांगितलं तिने," मंजुळा म्हणाली. "तलावावर नेली, फुटली, सगळं. त्याचं काही नाही. फुटलेली चालली असती मला."

तिने उजवा हात बोटीच्या आत घातला होता आणि ती गुळगुळीत पट्टी चाचपत होती.

"इथे त्याचं बोट उमटलं होतं, आबा. एम-सील दाबताना. रेषांसकट. रोज कामावर जाताना झाकण काढून मी त्यात माझं बोट ठेवून जायचे." मग तिने मेघनाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं ना? तुला तर मीच दाखवलेलं. मग का खरवडलंस?"

मेघना खाली बघत राहिली. माझं नाव तिने घेतलं नाही. आधीही घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

मी सांगितलं. पटाशी मी दिली. ती राहू दे म्हणत होती. ती 'दादाचं बोट' म्हणाली आणि मी तिचं मराठी सुधारत बसलो. सांगताना माझे शब्द मलाच ऐकू येत होते, वर्गात येतात तसे, स्वच्छ आणि सावकाश.

"सम्यक तुमच्याकडे कधी आला नाही शिकायला," मंजुळा शेवटी म्हणाली. "मी पाठवायचे. तो म्हणायचा, आबा सगळं पुन्हा करायला लावतात."

ती हसल्यासारखं करत होती. ते मला पाहवेना.

सकाळचा कचरा कुठे जातो, तिथे जाऊन शोधता येईल का, असं काहीतरी मी बोललो. तिने नुसती नकारार्थी मान हलवली आणि झाकण लावून बोट माझ्यापुढे धरली.

"घेऊन जा. काम छान केलंत. आता ही कुणाचीही बोट आहे. मुलांना चालवायला द्या."

मी मेघनाकडे पाहिलं. तिला हवी असेल, असं मला वाटलं होतं. ती आईच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून उभी होती, आणि आईचा हात तिच्याकडे वळत नव्हता.

बोट घेऊन मी जिना उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो, तोच मागून चपलांचा आवाज आला. मेघना होती. तिने रिमोट माझ्या हातात दिला.

"हा राहिला होता," ती म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत वर गेली. दार लागलं, आतून कडी बसली.