मोज्यात झोपलेली बोटं

मित्रांनो, मी एक जुनं, झोपाळू झाड आहे. झाड म्हणायचं ते आपलं मान राखण्यापुरतं. मला खोड नाही, फांदी नाही, मुंगीला सावली मिळेल असं पानही नाही. एकमेकींना चिकटून बसलेल्या हिरव्या, गुबगुबीत गुंड्या, एवढंच माझं रूप. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या नामाक्वालँडची माणसं आम्हाला 'बोटं' म्हणतात. हाताची नव्हे, पायाची. नाव काही फार भारदस्त नाही, पण कुणी लाडाने हाक मारली की बरं वाटतं.

मला वाढवलं याकोबने. तो तांब्याच्या खाणीत होता आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात भटकायचा. आमची बोंडं उन्हाने नाही, पावसाने उघडतात. असंच माझ्या आईचं बोंड खडकाच्या भेगेत उघडलेलं त्याने पाहिलं आणि धुळीसारखं बी ओल्या बोटाच्या टोकावर उचलून घरी आणलं. घरात टवके उडालेलं एक इनॅमलचं वाडगं होतं. त्याला त्याने खिळ्याने भोकं पाडली आणि रेती भरली.

त्याची बायको दोर्तिया कडाडली, "वाडगं फोडलंस? आता सूप काय टोपीत घेऊन पिणार?"

"धीर धर गं," याकोब म्हणाला. "हे वाडगं तुला फुलं वाढेल."

फुलं वाढायला मी पुष्कळ वर्षं लावली, कबूल आहे. पण फुललो तेव्हा शेजारणी खिडकीशी येऊन उभ्या राहू लागल्या. गुलाबी, जांभळट, चहाच्या चमच्याएवढी फुलं! दोर्तिया तोंडाने कधी कौतुक करायची नाही, पण पडदा मात्र मुद्दाम बाजूला सारून ठेवायची.

पुढे याकोब गेला आणि माझं पाणी दोर्तियाकडे आलं. शरद ऋतूत समुद्राकडून पहिलं धुकं चढलं की ती वाडग्याच्या कडेने थोडं पाणी सोडायची. हिवाळाभर रेती पुरती सुकली की पुन्हा एक घोट. माळावरची फुलं सरली की हात आखडता. आणि डोंगरावरून गरम वारा सुटला की पाणी बंद. तेव्हा माझी जुनी पानं वाळून कागदासारखी होतात, आणि त्या कागदाच्या आत नवं पान कुशीत घेऊन मी झोपी जातो. बाहेरून बघणाऱ्याला मी मेलेलाच वाटतो. दोर्तिया म्हणायची, "याकोब, तुझ्या बोटांनी मोजे चढवले रे." याकोब नव्हता, तरी ती त्यालाच सांगायची.

मग या घरात नॉमव्हूला आली. दोर्तियाचा मुलगा हेन्ड्रिक मासेमारीच्या बोटीवर होता. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या किनाऱ्यावर, तिच्याशी त्याचं लग्न जमलं. इथली भाषा तिला अर्धीमुर्धी यायची. दोर्तिया तिच्याशी वाईट वागत नव्हती, पण पाहुणीशी वागावं तशी वागायची. सुनेला दिवस गेले आणि हेन्ड्रिक पुन्हा समुद्रावर गेला. त्याच सुमारास दोर्तियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. नाताळच्या तोंडावर, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, ती ऑपरेशनसाठी केप टाउनला बहिणीकडे निघाली. टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. दोर्तिया खिडकीतून ओरडली, "बोटं ओली करू नकोस गं! मोजे आहेत तोवर पाण्याचं नाव नाही! धुकं येईस्तोवर थांब!"

नॉमव्हूलाने जोरात मान हलवली. आत येऊन तिने स्वतःच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं, आणि हेन्ड्रिकचे लोकरीचे मोजे काढून पायात चढवले.

ऊन मी म्हणत होतं. शेजारची लिस्बेत दारातच थबकली. "काय गं, बर्फ पडायचाय वाटतं आज?"

"आईंनी सांगितलंय."

"दोर्तियाने? मग घाल बाई. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा उकडून मेलेलं बरं."

मित्रांनो, हे सारं मी झोपेतच ऐकलं, स्वप्नात कुणी बोलावं तसं. त्याच झोपेत एक मऊ आवाज माझ्यावर वाकला. "अरे, तू तर पार वाळलास! आमच्याकडे नाताळात आभाळ फाटतं. तसल्याच पावसात मी जन्मले, म्हणून नॉमव्हूला, पावसाची आई. आणि माझ्या राज्यात तू तहानेने मरणार? तुला जगवता आलं नाही तर पोटातल्या जिवाला काय जगवणार मी?"

आणि तिने भरपूर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशीही, आणि रोजच.

मला स्वप्न पडलं की हिवाळा आला आहे. धुकं खाली उतरलंय, याकोब शीळ घालत वाट चढतोय. मी स्वप्नातच गटागटा प्यायलो. आतलं कोवळं पान अवेळी फुगलं, कागद टर्रकन फाटला आणि उन्हाची झळ आत शिरली. एकेक बोट काळं पडून पिचपिचीत होऊ लागलं. ओरडायचं होतं, पण झाडाला कुठलं तोंड?

उन्हाळा उतरता उतरता दोर्तिया परतली. नव्या डोळ्यांना आधी दिसले ते मोजे.

"हे काय सोंग?"

"तुम्हीच म्हणालात ना, बोटं ओली करू नकोस?"

दोर्तिया चौकट धरून हसत सुटली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली, आणि मध्येच थांबली. खिडकीकडे वळून म्हणाली, "मग त्याला..."

"रोज घातलं, आई. सुकलं होतं."

दोर्तियाने माझं एक बोट चिमटीत धरलं. ते चिखलासारखं फुटलं. वाडगं मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली. याकोबचं म्हणून तिच्यापाशी मीच उरलो होतो.

नॉमव्हूला हुंदके देऊ लागली. "साधं झाड जगवता येत नाही मला. पोर कसं वाढवणार?"

"रडू नकोस," दोर्तिया म्हणाली. "राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? पण चिक्कू हाताला मी काय शिकवलं असतं? तुझा हात सढळ आहे. त्याला थांबायला शिकवता येईल. सुरी आण."

दोघींनी मिळून कुजकं कापून काढलं. मूठभर बोटं उरली, तीही मिटलेली. जिवंत की मेलेली, मलाही ठाऊक नव्हतं. मला सावलीत कोरडं ठेवलं. मग सुरू झालं थांबणं. सकाळ झाली की सून विचारायची, "आज घालू?"

"नाही."

"रेती अगदी भुरभुरली आहे."

"भुरभुरू दे गं!"

असं करता करता दोघी एकाच बाकावर बसून समुद्राकडे बघू लागल्या. कधी इथल्या रॉयबॉस झुडपाचा लाल चहा पीत, कधी हेन्ड्रिकच्या आळसाच्या गोष्टी सांगून हसत. आणि एका पहाटे ते आलं, पांढरं, गार धुकं, कुंपणावरून आत. दोर्तियाने कप भरला, ती माझ्यापाशी आली, आणि कप सुनेच्या हातात ठेवला.

"मी? परत?"

"तूच. मी आहे इथे."

कडेने थोडंसं पाणी सोडून सून आपणहून थांबली. कपात अर्धं उरलं होतं. काही दिवसांनी माझा कागद उकलला आणि हिरवा ओठ बाहेर आला. दोर्तिया मोठ्याने म्हणाली, "याकोब, बोटं जागी झाली रे!" आणि या वेळी सुनेकडे बघून म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या खिडकीतही माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला पाणी जरूर घाला. मात्र आधी वाकून विचारा, जागा आहेस का? तो गप्प राहिला तर त्याला तुमचं प्रेम नको आहे असं समजू नका.

त्या हिवाळ्यात नॉमव्हूलाला मुलगी झाली. एका दुपारी दोर्तिया दुधाची बाटली हलवत घाईघाईने पाळण्याकडे निघाली. "उठवते तिला. किती वेळ झाला, पोटात काही नाही लेकराच्या!"

"झोपू द्या, आई," नॉमव्हूला हळूच म्हणाली. "उठली की मागेल ती."

दोर्तिया थांबली. तिने बाटली खाली ठेवली आणि सुनेशेजारी बाकावर जाऊन बसली.