वरची बाटली

दर महिन्याला माझ्या टेबलावर ओढ्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या यायच्या. एक कचराडेपोच्या वरच्या बाजूची, एक खालच्या. वरची म्हणजे कचरा लागण्याआधीचं पाणी. खालची तिच्यापेक्षा घाण निघाली, तरच शिशासारख्या धातूंची तपासणी करायची, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. सात वर्षं दोघी जुळ्या बहिणींसारख्या निघाल्या. थोडा गढूळपणा, थोडा खारटपणा, तो मातीचाच गुण म्हणायचा. मी ‘फरक नाही’ लिहून सही ठोकायचे आणि चहाला जायचे.

त्याच भरवशावर मी ताईला सांगितलं होतं, "बिनधास्त पी. मी बसलेय ना इथे!" तिचं घर ओढ्याकाठी, डेपोच्या खाली. ओढ्याचंच पाणी ती गाळून, उकळून घेते. तिची मुलगी साडेतीन वर्षांची, अजून एक शब्द बोललेली नाही. आम्ही लाडाने तिला मौनीबाई म्हणतो. "मावशीनेच सगळे शब्द संपवले, हिला उरले कुठे?" हा ताईचा ठरलेला टोमणा.

परवा बाटल्या भरून आणणाऱ्या मामांचा पाय मुरगळला, म्हणून मी स्वतः गेले. सात वर्षांत पहिल्यांदा. सांगायलाही लाज वाटते. मामा म्हणाले होते, वरची बाटली पिवळ्या खांबापाशी भरायची. खांब सापडला. पण त्याच्या मागे तीन मजली कचरा उभा होता, आणि त्याच्या बुडातून काळं, फेसाळ पाणी झिरपत ओढ्यात उतरत होतं. खांबाच्याही वर! मी नाकाला रुमाल लावून नुसती बघत राहिले.

"हा ढीग इथे कधी आला?" मी ट्रकवाल्याला विचारलं.

"झाली की सहा-सात वर्षं, मॅडम. खालची जागा भरली, मग वर सरकलो."

कचरा सरकला, खांब तिथेच राहिला. मामांना खांब सांगितला होता, त्यांनी खांब पाळला. आणि मी शहाणी घाणीची घाणीशी तुलना करून पाणी चांगलं ठरवत बसले. उघड्या डोळ्यांनी झोपा काढल्या मी.

स्वतःलाच शिव्या घालत चढ चढले, ढिगाच्या पलीकडे जाऊन तिसरी बाटली भरली. प्रयोगशाळेत ती स्वच्छ निघाली. म्हणजे फरक होता. नियमाप्रमाणे पहिल्यांदाच धातू तपासले. तिसऱ्या बाटलीत शिसं नाहीच. उरलेल्या दोघींत मर्यादेच्या चौदापट. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. तोच आकडा. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

तशीच ताईला फोन लावला.

"ओढ्याचं पाणी आत्ताच्या आत्ता बंद कर. त्यात शिसं आहे."

"अगं, सकाळी सकाळी थट्टा सुचते का तुला?"

"थट्टा नाही, ताई."

"पण मी उकळते की!"

"उकळून जात नाही ते."

ती हळूच म्हणाली, "तू बसली होतीस ना तिथे?"

"आधी भरून ठेवलेलं सगळं ओतून दे," मी म्हणाले.

"पिऊ नकोस!" ती एकदम मुलीवर किंचाळली. फोन कशावर तरी आपटला. पाणी मोरीत ओतल्याचा आवाज आला, आणि मग भाची रडायला लागली. हातातली वस्तू हिसकावल्यावर मूल रडतं तशी, जीव तोडून. ‘दे’ म्हणायला तिच्याकडे शब्द नव्हता.